नौदलाच्या कोठारात आयात माल : पहिल्यांदा टेंडर भरणाऱ्यांसाठी

भारतीय नौदलाला परदेशी किंवा परदेशी कच्च्या मालापासून इथे तयार केलेले खाद्यपदार्थ पुरवायचे असतील, तर हा लेख वाचा. न्हावा शेव्यावर कंटेनर उतरवणारे, वाशीच्या बाजारात सुका मेवा किंवा कडधान्ये विकणारे, डबाबंद मालाची एजन्सी असलेले अनेक जण या कामाकडे वळतात. बहुतेकांची समजूत अशी असते की सर्वात कमी दर दिला की काम झाले. प्रत्यक्षात दराचा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी दोन चाळण्या असतात : तुम्हाला बोली लावण्याचा हक्क आहे का, आणि तुमच्या मालावर छापलेली तारीख कोठाराच्या दारापर्यंत टिकते का. नवखे पुरवठादार बहुधा या दोनांपैकी एकीत अडकतात.

पायरी १ : खरेदीदार नेमका कोण, ते ओळखा

नौदलाचे अन्न एकाच ठिकाणी खरेदी होत नाही. कोरड्या शिध्याचा मोठा भाग संरक्षण मंत्रालयाची दिल्लीतली आर्मी परचेस ऑर्गनायझेशन घेते. नावात 'आर्मी' असले तरी ही खरेदी तिन्ही दलांसाठी असते. इथे प्रमाण मोठे असते, आणि डाळी, खाद्यतेल, चहा, दुग्धजन्य पदार्थ अशा बऱ्याच वस्तूंमध्ये सरकारी कंपन्या आणि सहकारी महासंघ वर्षानुवर्षे पाय रोवून बसलेले आहेत. पहिल्याच वर्षी त्यांच्याशी टक्कर घेण्यात शहाणपण नाही.

दुसरे ठिकाण नौदलाची स्वतःची बेस व्हिक्चुअलिंग यार्ड. बोलताना सगळे 'बीव्हीवाय' म्हणतात. मुंबई, विशाखापट्टणम आणि कोची इथल्या या यार्डांतून जहाजांना शिधा जातो. स्थानिक पातळीवरच्या लहानमोठ्या खरेद्या इथून निघतात. नव्या पुरवठादाराने सुरुवात करावी ती इथे.

तिसरे ठिकाण कँटीन. तो पूर्ण वेगळा धंदा आहे, कारण तिथे जवान आणि अधिकारी स्वतःच्या पैशाने माल घेतात. ऑक्टोबर २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या एका अंतर्गत आदेशाने कँटीनमधली थेट आयात मालाची खरेदी थांबवण्यात आल्याच्या बातम्या आल्या होत्या. आयात चॉकलेट आणि बिस्किटे घेऊन कँटीनच्या दारात उभे राहण्याआधी ते लक्षात घ्या.

चौथे ठिकाण परदेशी बंदर. त्याबद्दल शेवटी.

टेंडर दोन जागी दिसतात : जेम, म्हणजे सरकारी खरेदीचे ऑनलाइन बाजार-पोर्टल, आणि संरक्षण खात्याचे ई-प्रोक्युरमेंट पोर्टल. दोन्हीकडे नोंदणी करा. डिजिटल सही, पॅन, जीएसटी, बँक तपशील आणि आयकर विवरण यांवरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे असू द्या. 'ट्रेडिंग कंपनी' एका कागदावर आणि 'ट्रेडर्स' दुसऱ्यावर असेल तर तांत्रिक छाननीत बोली बाद होते, आणि तेव्हा कोणी ऐकून घेत नाही.

पायरी २ : बोली लावायचा हक्क आहे का?

इथे घाई करू नका.

'मेक इन इंडिया' खरेदी आदेश २०१७ चा आहे आणि १६ सप्टेंबर २०२० ला तो बराच कडक झाला. त्यानुसार पुरवठादारांचे तीन वर्ग आहेत. स्थानिक वाटा ५० टक्के किंवा अधिक असेल तर वर्ग एक. २० टक्के किंवा अधिक, पण ५० च्या आत असेल तर वर्ग दोन. २० टक्क्यांच्या खाली गेलात की 'बिगर-स्थानिक'. टेंडरमध्ये वेगळी टक्केवारी दिली असेल तर तीच धरायची. बिगर-स्थानिक पुरवठादाराला फक्त जागतिक निविदेत बोली लावता येते. आणि २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीत, खास परवानगीशिवाय, जागतिक निविदा काढताच येत नाही.

याचा सरळ अर्थ असा : परदेशात भरलेले, परदेशात सील झालेले डबे जसेच्या तसे विकणाऱ्या व्यापाऱ्याला बहुतेक टेंडरांत जागाच नाही. उरते ती वाट म्हणजे ५ लाख रुपयांखालची खरेदी, कारण तिला हा आदेश लागू नाही. किंवा मग कच्चा माल आणून इथे त्यावर खरोखर प्रक्रिया करायची : अख्खा मसूर आणून भरडणे, पॉलिश करणे, भरणे, कच्चे सूर्यफूल तेल आणून शुद्ध करणे, कवचातला बदाम आणून फोडणे, निवडणे, पॅक करणे. मसूर बहुतांशी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येतो, बदाम कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातून, आणि सूर्यफूल तेलात तर आयातीशिवाय आपले चालतच नाही. म्हणजे नौदलाच्या ताटात आयात अन्न असते. फक्त ते इथल्या गिरणीतून फिरून आलेले असते.

आता हिशेब. उदाहरणादाखल आकडे घेऊ. डाळीचा करपूर्व विक्री दर किलोला ८४ रुपये. आयात मसुराची किंमत, सीमाशुल्क धरून, ६२ रुपये. (सीमाशुल्क आयात भागातच मोजायचे असते, ते स्थानिक वाट्यात टाकणे ही पहिली चूक.) उरले २२. २२ भागिले ८४, म्हणजे २६ टक्के. वर्ग दोन. छान.

थांबा. त्या २२ रुपयांत ६ रुपये कोठारापर्यंतची वाहतूक आणि विमा असेल, तर तो स्थानिक मूल्यवर्धनात धरता येत नाही. उरले १६. १६ भागिले ८४, म्हणजे १९ टक्के. तुम्ही बिगर-स्थानिक झालात आणि बोली बाद. दराच्या तक्त्याआधी हा तक्ता करायचा तो यासाठी.

१० कोटींपर्यंतच्या खरेदीत स्थानिक वाट्याचे स्वयंघोषणापत्र चालते. त्याहून मोठ्या खरेदीत वैधानिक लेखापरीक्षक, कॉस्ट अकाउंटंट किंवा सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. खोटी घोषणा पकडली गेली तर दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत. प्रतिस्पर्धी तुमच्या बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या आयात-घोषणापत्राचा, माग काढतात, हे गृहीतच धरा.

वर्ग एकला आणखी एक फायदा आहे. सर्वात कमी दर वर्ग दोनचा निघाला, आणि वर्ग एकचा पुरवठादार त्याच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला तो दर जुळवण्याची संधी मिळते. त्यामुळे तुम्ही एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचे, ठरलात तरी सगळे प्रमाण तुमच्याच वाट्याला येईल असे नाही. विभागता येणाऱ्या मालात अर्धे प्रमाण हातून जाऊ शकते, आणि कंटेनर मात्र तुम्ही पूर्ण मागवलेला असतो. परदेशी विक्रेत्याशी करार करताना अर्ध्या प्रमाणाचा पर्याय लिहून घ्या.

उद्यम प्रमाणपत्राबद्दल दोन शब्द. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेत सूट आणि दर जुळवण्याची सवलत मिळते, ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. निव्वळ व्यापारी म्हणून उद्यम नोंदणी असेल तर ती इथे उपयोगाची नाही. तरीही दर टेंडरला कोणी तरी अनामत न भरता ते प्रमाणपत्र जोडतो आणि बाहेर पडतो.

चीन, पाकिस्तान यांसारख्या भूसीमा लागून असलेल्या देशांबाबत २३ जुलै २०२० चा आदेश आहे. बोली लावणारा, किंवा त्याचा खरा मालक, अशा देशाचा असेल तर आधी सरकारी नोंदणी लागते. विकासकामांसाठी भारताने कर्ज-मदत दिलेल्या देशांना यातून वगळले आहे. तुम्ही भारतीय आहात म्हणून विषय संपत नाही. अशा देशातल्या विक्रेत्याकडून तयार माल आणून पुरवणार असाल तर त्या विक्रेत्याची नोंदणी विचारली जाते. कच्चा माल आणणे यात येत नाही. चीनमधून कच्चा माल आणून इथे त्यावर प्रक्रिया करणे आणि तिथून तयार पॅकबंद माल आणणे, या दोन गोष्टींचे उत्तर वेगळे येते.

पायरी ३ : विनिर्देश वाचा, मग नमुना मागवा

संरक्षण दलांचे स्वतःचे अन्न-विनिर्देश, म्हणजे मालाचे लेखी निकष, असतात आणि टेंडर त्यांचा हवाला देते. अन्न सुरक्षा कायद्याची मर्यादा ही किमान. दलांची मर्यादा बहुतेक वेळा तिच्याहून कडक : ओलावा, तुटलेले दाणे, परके पदार्थ, तेलातले मुक्त मेदाम्ल, डब्याच्या आतल्या लाखेचा थर, खोक्यातल्या नगांची संख्या. शेवटच्या दोन गोष्टी कोणी वाचत नाही आणि माल त्यांवरच परत येतो.

परदेशी विक्रेत्याच्या 'स्टँडर्ड ग्रेड'वर विसंबू नका. विनिर्देशातला प्रत्येक निकष एका तक्त्यात मांडा, शेजारच्या रकान्यात विक्रेत्याकडून हमीचा आकडा घ्या, आणि तिसऱ्या रकान्यात भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आलेला आकडा लिहा. मेव्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारे विष) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. थेट खाण्याच्या मेव्यासाठी आपल्याकडे एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि पुढे प्रक्रिया होणाऱ्या मालासाठी १५. तुम्ही १५ च्या हिशेबाने आणलेला माल फक्त पॅक करून दिलात तर तो १० च्या मापाने मोजला जाईल.

पॅकिंगचा विचार जहाजाच्या अंगाने करा. जहाजावर माल अरुंद शिडीवरून, हातोहात, खाली कोठारात जातो. कॅलिफोर्नियाच्या बदामाचे नेहमीचे ५० पौंडी खोके, म्हणजे २२.६८ किलो, गोदामात ठीक, जहाजावर त्रासाचे. काचेच्या बरण्या टाळाच. पत्र्याच्या डब्यांना खारी हवा लागते, म्हणून शिवणीवर गंज धरणार नाही असा लेप हवा.

पायरी ४ : तारखांचा तक्ता

सगळ्यात जास्त माल इथे मरतो.

आयात अन्नाला बंदरावर सोडताना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम असा : शिल्लक आयुष्य किमान ६० टक्के असावे, किंवा मुदत संपायला किमान तीन महिने असावेत, यांतले जे कमी असेल ते. पाच महिन्यांच्या आयुष्याच्या मालाला दोन्ही माप एकच येते. त्याहून कमी आयुष्याचा माल असेल तर ६० टक्के लागू, जास्त असेल तर तीन महिने. म्हणजे दोन वर्षे टिकणारा डबा अगदी तीन महिने उरलेले असतानाही बंदरातून सुटू शकतो.

नवखा माणूस हे वाचून निर्धास्त होतो. पण नौदल त्या मालाकडे वेगळ्या नजरेने बघते. डबा कोठारात येणार, तिथून जहाजावर चढणार, आणि मग महिनोन्महिने समुद्रात राहणार. संरक्षण दलांत 'ईएसएल', म्हणजे अंदाजित साठवण-आयुष्य, हा शब्द रोजच्या वापरातला आहे. लष्कराच्या शिधापुरवठ्यावरच्या कॅगच्या २०१०-११ च्या अहवालात ईएसएल उलटून गेलेला शिधा जवानांना दिल्याबद्दल ताशेरे होते. त्यामुळे तारखेच्या बाबतीत कोठारातला माणूस सवलत देईल, ही आशा सोडा.

समजा टेंडर म्हणते : मालाच्या स्वीकृतीच्या वेळी ७५ टक्के आयुष्य शिल्लक हवे. डब्याचे आयुष्य २४ महिने. म्हणजे उत्पादनापासून स्वीकृतीपर्यंत तुमच्याकडे फक्त सहा महिने. डबा १० जानेवारी २०२६ ला भरला असेल तर ९ जुलै २०२६ ही शेवटची रेषा. आता मागे मोजत या. कोठारातली तपासणी आणि प्रयोगशाळेचा अहवाल : तीन आठवडे धरा. म्हणजे १८ जूनच्या आसपास माल दारात हवा. बंदरावरची सुटका, लेबल, नमुने, वाहतूक : दोन ते तीन आठवडे. म्हणजे मेच्या अखेरीस जहाज न्हावा शेव्याला लागायला हवे. भूमध्य समुद्राकडून येणारा माल २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागला, आणि त्या वळशाला दहा ते चौदा दिवस जादा लागतात. म्हणून दीड महिना धरला तर एप्रिलच्या मध्याला कंटेनर चढायला हवा.

जमण्यासारखे आहे. पण विक्रेत्याने 'थोडा जुना साठा आहे, पाच टक्के सूट देतो' म्हणत १० नोव्हेंबर २०२५ ला भरलेले डबे दिले तर तुमची शेवटची रेषा ९ मे होते, आणि त्या दिवशी जहाज अजून समुद्रात असते. एफएसएसएआय तो माल आनंदाने सोडेल. कोठार घेणार नाही. तुमच्याकडे कागदोपत्री निर्दोष, खाण्यालायक आणि न विकता येणारा कंटेनर उरेल.

म्हणून खरेदी आदेशात उत्पादनाची 'या तारखेनंतरची' अट घाला आणि एका कंटेनरमध्ये शक्यतो एकच लॉट मागवा. लॉट जितके जास्त, तितके नमुने जास्त, तितकी फी जास्त, आणि एक लॉट नापास झाला की बाकीच्यांचीही कागदपत्रे रखडतात. तारीख छापताना महिना अक्षरांत लिहायला सांगा. ०३/०४ हा आपल्यासाठी तीन एप्रिल असतो आणि अमेरिकी कारखान्यासाठी चार मार्च.

पायरी ५ : जहाजात चढण्याआधीचे कागद

आयात-निर्यात कोड आणि एफएसएसएआयचा आयातदार म्हणून केंद्रीय परवाना असायलाच हवा. उत्पादनाचा परवाना असला तरी आयातीचा वेगळा लागतो.

वनस्पतिजन्य माल, म्हणजे कडधान्ये, मेवा, मसाले, यांना २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो. आयात परवाना, मूळ देशाचे फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र, आणि मालानुसार धुरीचा पुरावा. धुरी कोणत्या रसायनाची, किती मात्रेची, किती तास, हे प्रमाणपत्रावर नेमके हवे. 'फ्युमिगेटेड' एवढाच शिक्का चालत नाही. दूध, मांस, मासे यांना सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतो, आणि तो माल चढण्याआधी हातात हवा. चीनमधल्या दुग्धजन्य पदार्थांवर २००८ च्या मेलामाइन प्रकरणापासून बंदी आहे. दुधाची भुकटी घातलेल्या मिठाईला आणि चॉकलेटलाही ती लागू होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

लेबलवरच्या काही उणिवा बंदरावर, कस्टम्सच्या बॉन्डेड (शुल्क भरण्याआधी माल ठेवायच्या) गोदामात, न निघणारा एकच स्टिकर लावून दुरुस्त करता येतात : आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. उत्पादनाची तारीख, मुदत, लॉट क्रमांक, घटकांची यादी यांतले काही नसेल तर स्टिकरने भागत नाही. मोठ्या घाऊक पॅकवर ते किरकोळ विक्रीसाठी नसल्याचे लिहिलेले असावे. डबे भरण्याआधी लेबलाचा फोटो मागवा आणि स्वतः वाचा. एजंटवर सोडू नका.

पायरी ६ : बंदर

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत भरायचे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये आकार. त्यात कंटेनर फ्रेट स्टेशनचे भाडे आणि शिपिंग लाइनचे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, वेगळे. रेफर (शीत) कंटेनर असेल तर विजेचे पैसेही चालू राहतात. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर राहिला पाहिजे, म्हणून तापमानाचा डेटा लॉगर कंटेनरमध्ये घालायला सांगा आणि त्याची नोंद जपून ठेवा. पुढे कोठारात वाद झाला तर तोच पुरावा.

एफएसएसएआयची यंत्रणा जोखीम पाहून माल तपासते. नमुना काढला तर त्याचे दोन भाग होतात : एक प्रयोगशाळेत, एक राखीव. अहवाल पाच दिवसांत अपेक्षित असतो. सुट्ट्यांचा आठवडा असेल तर तुमच्या तक्त्यात जास्त दिवस धरा. गणपती आणि दिवाळीच्या आसपास कंटेनर उतरवण्याचे नियोजन करूच नये.

कंटेनर उघडताना कडेचे खोके हाताने चाचपा. उष्ण बंदरातून निघून थंड समुद्रातून येताना छताला बाष्प धरते आणि ठिबकते. वरच्या थरातले खोके ओले, आतला मेवा बुरशी धरलेला, असा माल दर हंगामात येतो. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या मूळ देशातच लावून घेतल्या तर खर्च किरकोळ असतो.

पायरी ७ : कलम ९० आणि शुल्कमाफीचा मोह

सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ९० नुसार आयात साठा भारतीय नौदलाच्या जहाजावर शुल्क न भरता वापरता येतो. सेवाशर्तींनुसार खलाशांना सरकार मोफत देते त्या साठ्यालाही कलमात सवलत आहे. हे कळल्यावर नवा पुरवठादार दरातून शुल्क वजा करून मोकळा होतो. तसे करू नका.

सवलत मिळते ती ठरावीक वाटेने चाललेल्या मालाला. माल जहाजांच्या साठ्यासाठी आहे असे घोषित करून शुल्कनिर्धारणाशिवाय बॉन्डमध्ये ठेवता येतो. त्याची तरतूद कलम ८५ मध्ये आहे. असा साठा कस्टम्सच्या कुलपाखालच्या विशेष गोदामात राहतो, शुल्काच्या तिप्पट रकमेचा बॉन्ड द्यावा लागतो, आणि तिथून जहाजावर जाईपर्यंतची प्रत्येक हालचाल कागदावर असते. तुम्ही शुल्क भरून बाजारातल्या गोदामात ठेवलेला माल नंतर नौदलाला विकलात, तर शुल्क आपोआप परत येत नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. नौदलाच्या जमिनीवरच्या तळांनाही जहाजांसारखीच नावे असतात. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी किंवा मालाडच्या मार्वे भागातली आयएनएस हमला पाण्यावर तरंगत नाही. कलमातला शब्द 'जहाज' आहे. माल जहाजावर जाणार की तळाच्या मेसमध्ये, हे टेंडर काढणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या, आणि उत्तर येईपर्यंत दर पूर्ण शुल्क धरूनच काढा.

पायरी ८ : दर

डॉलरमधली मालाची किंमत, भाडे, विमा, कस्टम्सचा पंधरवड्याला जाहीर होणारा विनिमय दर, मूळ शुल्क, त्यावरचे अधिभार, क्लिअरिंग, नमुने, गोदाम, प्रक्रिया, तूट, वाहतूक, बँक गॅरंटीचे कमिशन आणि पैसे अडकून राहण्याचे व्याज. शेवटचे दोन आकडे विसरले जातात.

सर्वात मोठा धोका शुल्क रातोरात बदलण्याचा. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आले. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शुल्कमुक्त होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के लागले. टेंडरमध्ये शुल्कबदलाचे कलम आहे का, आणि ते बोली उघडल्याच्या तारखेपासून लागते की करारापासून, हे बघा. कलम नसेल तर जोखीम तुमची आहे, आणि ती दरात दिसली पाहिजे.

जेमवर बोलीनंतर रिव्हर्स ऑक्शन असू शकतो. त्यात सर्वात वरचा दर बाहेर काढला जातो आणि उरलेले खाली उतरत जातात. बसण्याआधी तळाचा आकडा कागदावर लिहा आणि तो आला की माउसवरून हात काढा. ऑक्शनच्या शेवटच्या मिनिटांत गमावलेला नफा पुढे दंडातून वजा होत राहतो.

पायरी ९ : कोठाराच्या दारात

मालासोबत चलन, लॉटनुसार तक्ता, एफएसएसएआयचे ना-हरकत, बिल ऑफ एंट्री, प्रयोगशाळेचे अहवाल आणि हमीपत्र. लष्कराची अन्न-तपासणी यंत्रणा स्वतः नमुने काढते आणि आपल्या प्रयोगशाळेत तपासते. बंदरावरचा अहवाल तिथे पुरावा म्हणून चालत नाही. नमुन्यात गेलेल्या नगांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून दोन-तीन टक्के माल त्याच लॉटचा जादा ठेवा.

डबे फुगलेले, शिवणीवर पोचे पडलेले किंवा गंजलेले निघाले तर मोजदाद न करता लॉट बाजूला होतो. डबाबंद माल उबदार पेटीत काही दिवस ठेवून फुगतो का हे बघतात. ही चाचणी तुम्ही आधी करून घ्या. नाकारलेला माल ठरलेल्या दिवसांत स्वखर्चाने उचलावा लागतो. बदली माल परदेशातून आणायचा म्हणजे पुन्हा दोन-तीन महिने, आणि तोवर उशिराचा दंड चालू. आयात मालाचा पुरवठादार इथे देशी पुरवठादारापेक्षा कायम कच्चा पडतो. दंडाचा जुना परिचित हिशेब आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के असा होता, पण १ नोव्हेंबर २०२५ पासून संरक्षण खात्याचे नवे खरेदी-मॅन्युअल लागू आहे. आपल्या करारातले कलमच वाचा.

जेमवर माल मिळाल्यावर दहा दिवसांत स्वीकृती-प्रमाणपत्र आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असा क्रम अपेक्षित आहे. नौदलाची बिले मुंबईच्या प्रधान नियंत्रक, संरक्षण लेखा (नौदल) कार्यालयातून जातात. बिलावरचे वर्णन पुरवठा आदेशातल्या वर्णनाशी शब्दशः जुळवा. 'मसूर डाळ' आणि 'डाळ मसूर' एवढ्या फरकावर बिल परत आलेले आहे.

परदेशी बंदरात जहाजाला पुरवठा

दुबई, सलालाह, सिंगापूर अशा ठिकाणी जहाजांना माल पुरवणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढेच : तिथे जहाज ताज्या भाज्या, फळे, दूध, अंडी स्थानिक पुरवठादाराकडून घेते. भारताचे अमेरिकेशी २०१६ पासून, ऑस्ट्रेलिया आणि जपानशी २०२० पासून परस्पर रसद-करार आहेत. अशा ठिकाणी पुरवठा कधी थेट यजमान नौदलामार्फतच होतो आणि तुमच्यापर्यंत येतच नाही.

या क्षेत्रातल्या बिलांकडे संशयाने का पाहिले जाते, याचे कारण अमेरिकी नौदलाचे 'फॅट लिओनार्ड' प्रकरण. सिंगापूरच्या ग्लेन डिफेन्स मरीन एशियाचा मालक लिओनार्ड फ्रान्सिस बंदरसेवांची फुगवलेली बिले लावत असे आणि अधिकाऱ्यांना लाच देत असे. तो २०१३ मध्ये पकडला गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. बुडालेली रक्कम किमान साडेतीन कोटी डॉलर होती.

म्हणून मागणी तोंडी आली तरी लेखी दरपत्रक आधी पाठवा, त्या दिवसाचा घाऊक बाजारभाव सोबत जोडा, आणि वजन जहाजाच्या शिडीपाशी, जहाजाच्या लॉजिस्टिक्स कर्मचाऱ्यासमोर करा. परत केलेला किंवा सडका माल त्याच चलनावर वजा करून त्याच वेळी सही घ्या. जहाज पहाटे सुटते, आणि नंतर दुरुस्त केलेले चलन कोणी मान्य करत नाही.